सरपण

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज यायची आठवड्यातून दोन तास,
तीही रात्री तीनला, चोरासारखी.
बाल्कनीतली खुर्ची जाळून झाली, मग दुसरी,
मग बाबांनी पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं
आणि आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे.

आधी कपाटाच्या फळ्या गेल्या.
पुस्तकं आठवडाभर जमिनीवर बसून होती
घर खाली करायला सांगितलेल्या भाडेकरूंसारखी.

वरच्या मजल्यावरची झुझुनामावशी
छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेली.
तिच्याकडे शेगडी नव्हती. रोज संध्याकाळी खाली यायची
काखेत दोन पुस्तकं घेऊन,
आपल्या वाटणीचं सरपण.
नियम तिनंच घातला:
वाचल्याशिवाय पान आत जाणार नाही.
आणि वाचेल ही पोरगी, हिचे डोळे शाबूत आहेत.

मी तेरा वर्षांची. पायात तीन मोजे, एकावर एक.
वाचायचं, फाडायचं, द्यायचं.
एका पानाची ऊब पुढच्या पानाच्या चौथ्या ओळीपर्यंत पुरायची.
खरखरीत कागद चांगला जळतो,
गुळगुळीत नुसता धूर करतो,
हे मला आधी कळलं.
बाकीचं नंतर.

काही पानं हातातून सहज सुटत.
एकदा सूर्यास्त आला, तीन पानांचा;
मी तिन्ही एकदम दिली,
गोष्टीचा केसही वाकडा झाला नाही.
एक लेखक तर कुणी तोंड उघडायच्या आत
त्याला सिगारेट पेटवायला लावायचा.
झुझुनामावशी म्हणाली,
याला काडेपेट्या परवडत होत्या बाई!

आणि एक पान होतं:
बायको नवऱ्याचा कोट खुंटीवरून काढते,
खिसे चाचपते, परत अडकवते.
एवढंच. दुःख हा शब्द कुठंच नाही.
बाबा म्हणाले, थांब. हे राहू दे.
शेगडी विझत आली होती
तरी राहू दिलं.

फेब्रुवारीत माझा भाऊ गिग्ला
पहाटे उठला आणि न वाचताच
अठरा पानं आत घालून मोकळा झाला.
सहा वर्षांचा होता. थंडीला कसला नियम.
रात्री सगळे जमले, खालचा पाववाला वालिकोसुद्धा.
आदल्या रात्री नायक बोटीवर चढला होता
आणि आज उरलेल्या पहिल्याच पानावर
भावाच्या थडग्यावरची माती हातात घेऊन उभा.

मधलं?

मी पुस्तक तसंच धरलं,
शिवणीत उरलेल्या कागदाच्या दातऱ्यांवर डोळे ठेवले
आणि वाचू लागले.

बोट हलवली. धुकं आणलं, मग आवरतं घेतलं,
कुणाचं तरी धुकं आम्ही मागच्याच आठवड्यात जाळलं होतं.
नायकाला सिगारेट दिली नाही.
भावाच्या खोलीत खुंटीवर कोट ठेवला.
चोरी, सरळसरळ चोरी.
पान उलटल्याचा आवाज हवा म्हणून
मध्ये मध्ये पुढचंच एखादं पान हलवलं.
कुणी जागचं हललं नाही.
वालिकोनं डोळे पुसले, गालाला पीठ लागलं.

जिन्यात झुझुनामावशीनं मला गाठलं.
अंधारात तिचा फक्त श्वास दिसत होता, पांढरा.
“त्यानं ‘भयाण’ लिहिलं नसतं,” ती म्हणाली.
“अख्ख्या पुस्तकात एकदा तरी लिहिलंय का?”
मी गप्प.
“बाकी ठीक.”
दोन पायऱ्या चढली, थांबली.
“गिग्लाला रागावू नकोस.
उद्या आणखी चार पानं गेली तर
मी काही पाहिलेलं नाही.”

आता भिंतीतून गरम पाण्याच्या नळ्या गेल्या आहेत.
लिहिलेलं पान मी अजून मोठ्यानं वाचते,
मग शेगडीच्या जागेकडे बघते.
तिथं फ्रीज आहे.
तरी पुष्कळदा हात आपसूक पुढं होतो.